गुरुवारची सुट्टी आणि मैत्रिणींचा एक दिवस



या सदरात आपण पंचसूत्री, खातेवही, बँकेच्या कर्जाची परतफेड असे विषय घेतले. या महिन्याचा विषय वाचून काहीजणी हसतील. विषय आहे, मैत्रिणींना भेटायला एक दिवस थीम पार्कला कसं जायचं. हसून झालं की पुढे वाचा. हा पण हिशोबाचाच धडा आहे, आणि बैठकीत घेण्यासारखा आहे.

निघोजे, कुरुळी, महाळुंगे, खराबवाडी या भागातल्या बैठकांमध्ये मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बघते. बचत गोळा होते, सह्या होतात, चहा येतो. मग कुणीतरी मोबाईलवर खोपोलीच्या इमॅजिकाचा व्हिडिओ दाखवतं. सगळ्या पुढं वाकून बघतात. "एकदा जाऊ गं आपण!" लगेच कुणीतरी विचारतं, "किती लागतील?" इथं आवाज खाली येतो. मग एकजण म्हणते, पोरांच्या परीक्षा होऊ दे. दुसरी म्हणते, घरी विचारते. तिसरी काहीच बोलत नाही, कारण तिला माहीत असतं की आपल्याला जमणार नाही. पुढच्या वर्षी त्याच व्हिडिओवर तीच चर्चा.

शिलाई मशीन घ्यायचं ठरलं तर आपण असं करत नाही. किंमत विचारतो, महिन्याला किती टाकायचे ते ठरवतो, ठराव लिहितो. सहलीच्या बाबतीत मात्र आपण हवेत बोलतो, आणि म्हणून ती हवेतच राहते.

कुणी म्हणेल, थीम पार्कच कशाला, देवदर्शनाला जाऊ. जरूर जा. आळंदी-देहू आपल्याला जवळ आहे, निमगावचा खंडोबा आहे. पण एक बघा, देवाला गेल्यावर आपण कुणासाठी मागतो? मुलाच्या नोकरीसाठी, नवऱ्याच्या दारूसाठी, सासूच्या गुडघ्यासाठी. तिथंही घर बरोबरच असतं. आणि खेळणं बायकांना नवीन आहे असंही नाही. नागपंचमीला झाडाला झोका बांधायचा, लेकी माहेरी यायच्या, बालपणीच्या मैत्रिणी त्या झोक्यापाशी भेटायच्या. जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसून ओरडलेल्या तुमच्यातल्या कितीतरी जणी आहेत. नागपंचमीला आता कंपनी सुट्टी देत नाही, आणि माहेरचं झाड रस्ता रुंदीकरणात गेलेलं असतं. भेटायचा दिवस आपोआप येत होता तो बंद झाला. आता तो ठरवावा लागतो.

सुट्टीबद्दल थोडं सांगते, कारण ते शाळेत फारसं शिकवत नाहीत. आठवड्याची सुट्टी कुणी आनंदाने दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी म्हणून वर्षानुवर्षे झगडले. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत कामगारांची मोठी सभा झाली, तिच्यात दोन गिरणी कामगार बायकांनीही भाषण केल्याची नोंद आहे. त्याच वर्षी १० जूनला रविवारची सुट्टी मान्य झाली. आपल्या चाकण-भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची ही सुट्टी गुरुवारी असते, एवढाच फरक. पण ती सुट्टी बाईच्या वाट्याला कितपत येते? गुरुवारी आठवड्याचं धुणं, दळण, भांड्यांच्या मांडणीची सफाई, गॅसचा नंबर. कंपनीची सुट्टी म्हणजे घरची दुप्पट पाळी.

म्हणून हा धडा. आता कामाचं बोलू.

सुरुवात पार्कपासून करू नका

बैठकीत सगळ्यात आधी प्रत्येकीने कागदावर एका मैत्रिणीचं नाव लिहायचं, जिला ती वर्षभरात निवांत भेटलेली नाही. लिहिता येत नसेल तर शेजारणीला सांगायचं. एका गटात हे करून बघितलं. अकरा नावं आली. चार नावं गटातल्याच जुन्या सदस्यांची होती, ज्या खोली बदलून दुसऱ्या गावात गेल्या आणि गट सुटला. तीन जणींनी लग्न होऊन पनवेल, कळंबोली, पेणकडे गेलेल्या मैत्रिणींची नावं लिहिली. आणि एका ताईने कागद कोरा दिला. ती लातूरकडची, नवरा पत्र्याच्या शेडमध्ये प्रेस चालवतो, सहा वर्षांत तीन खोल्या बदलल्या. म्हणाली, "मॅडम, इथं माझी मैत्रीण कोणी झालीच नाही." तिच्या शेजारी बसलेल्या काकू दोन वर्षं दर महिन्याला तिच्याशेजारीच बसत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या बैठकीला त्यांनी तिला घरून बोलावून आणलं.

आपल्या पट्ट्यातल्या अनेक गटांत हे दोन भाग असतात, गावातल्या आणि भाड्याने राहणाऱ्या. सहलीची यादी करताना पहिली नावं गावातल्यांची लागतात, भाडेकरू बायकांना शेवटी "तू येतेस का गं" असं विचारलं जातं. हे उलटं करा. जिला येणं सगळ्यात अवघड आहे तिचं नाव सर्वांत वर लिहा आणि तिला काय अडतं ते विचारा. पैसे, पाळी, तान्हं मूल, सासूचं आजारपण, नाहीतर नुसतं घरचं तोंड. जागा, तारीख आणि रक्कम तिच्या अडचणीप्रमाणे ठरवा. बाकीच्या आपोआप बसतात.

जागेचं म्हणाल तर आपल्याला पर्याय आहेत. निगडीला दुर्गा टेकडीजवळ अप्पूघर आहे, पीएमपीने जाता येतं, अर्ध्या दिवसात होतं. लोणावळ्याजवळ वेट-एन-जॉय हे पाण्याचं पार्क आहे. आणि इमॅजिका, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला, २०१३ साली सुरू झालेलं. आपण चाकणकडून तळेगाव, लोणावळा करत घाट उतरतो, आणि पनवेल-पेणकडची मैत्रीण घाट न चढता खालून येते. दोघींना अर्धा-अर्धा रस्ता. कुणाच्या घरी जायचं, कुणाच्या सासूला काय वाटेल, हा प्रश्नच येत नाही. म्हणून भेटायला ते बरं पडतं.

पण परवडत नसेल तर अप्पूघरला जाण्यात काही कमीपणा नाही. इमॅजिकाला सातजणी आणि अप्पूघरला पंधराजणी अशी निवड आली तर मी पंधराजणींच्या बाजूची आहे.

तारीख

सगळ्यांना सोयीची तारीख कधीच सापडत नाही, हे आधीच कबूल करा म्हणजे भांडण वाचेल. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात धुकं आणि दरडीची भीती, लोणावळ्याला भुशी डॅमची गर्दी. ऑक्टोबर-नोव्हेंबरला मावळ आणि खेडच्या पश्चिमेला भातकापणी. डिसेंबर-जानेवारीत कांदा लागवड. मार्गशीर्षातले गुरुवार तर विचारूच नका, घरोघर महालक्ष्मीचा घट. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा, तिच्या पाठोपाठ दहावीची. मार्चला कंपनीत वर्षअखेर, रजा मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये ऊन, लग्नं, आणि पार्कमध्ये सगळ्या महाराष्ट्राची पोरं.

मी तरी दिवाळीची शाळेची सुट्टी संपल्यानंतरचा आणि मार्गशीर्ष लागण्याआधीचा एखादा गुरुवार सुचवेन. भाताचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारून पुढे-मागे करा. गुरुवारचा दुहेरी फायदा आहे. बाहेरच्या जगाला तो कामाचा दिवस, म्हणून पार्कमध्ये शनिवार-रविवारपेक्षा रांगा लहान. आणि आपल्याकडे अनेक घरांत त्या दिवशी नवरा घरी असतो. मुलांना शाळेतून आणायचं, वाढायचं, त्यांचं ते करतील. वर्षातून एक दिवस त्यांना जमतं. कंपनीतल्या मित्रांबरोबर ते महाबळेश्वरला, गोव्याला जातात तेव्हा मुलांचं काय, असं त्यांना कुणी विचारत नाही.

ठरलेल्या गुरुवारी पार्क चालू आहे का, किती वाजता उघडतं, हे मात्र आधी फोन करून विचारून घ्या. आणि गुरुवारचा उपवास करणाऱ्यांनी दोन गोष्टींतली एक निवडावी. उपाशीपोटी पाळण्यात बसलं की चक्कर येते, उलटी होते. उपवास सोडायचा नसेल तर साबुदाणा, केळी, राजगिऱ्याचे लाडू पोटभर खाऊन निघा आणि उलटंपालटं करणाऱ्या खेळांत बसू नका.

घरी काय सांगायचं, हा प्रश्न बैठकीत हळूच विचारला जातो. खरं तेच सांगा. "प्रशिक्षणाला चाललेय" असं सांगून गेलात आणि नंतर कळलं, तर पुढच्या खऱ्या प्रशिक्षणालाही सोडणार नाहीत, आणि फक्त तुम्हालाच नाही, गटातल्या बाकीच्यांनाही. महिनाभर आधी सांगा, पैसे माझ्या सहल बचतीचे आहेत हे सांगा. एखादीच्या घरी फारच कडक असेल तर गटाच्या अध्यक्षा आणि एक वयस्कर सदस्य, अशा दोघी जाऊन बोलून या. सासूबाईंनाच बरोबर चला म्हटलं तर कधी कधी त्या सगळ्यात आधी तयार होतात.

पैसे

आता खातेवही उघडा. खालचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, खरे दर त्या वेळी विचारून घाला. समजा बाराजणी इमॅजिकाला निघाल्या. तिकीट करासकट १,४०० रुपये धरू. सतरा सीटची गाडी, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता धरून ८,४००, म्हणजे प्रत्येकी ७००. आतला चहा-जेवण ३००. लॉकर आणि किरकोळ २००. अडीअडचणीला १००. एकूण २,७०० रुपये.

ऐकून धस्स होतं. पण नऊ महिन्यांत भागलं तर महिन्याला ३०० होतात. तेही जड वाटत असतील तर दीड वर्षाची मुदत घ्या, १५० रुपये. किंवा जागा बदला. लाडकी बहीण योजनेच्या १,५०० मधून थोडे बाजूला काढणार असाल तर चांगलं, पण तो हप्ता कधी पुढे-मागे होतो, सगळी सहल त्यावर बांधू नका.

ठेकेदाराकडे रोजावर काम करणाऱ्या ताईसाठी यात आणखी एक आकडा असतो, जो कुणी धरत नाही. कामाच्या दिवशी गेली तर तिचा रोज बुडतो. रोज ५०० असेल तर तीच सहल तिला ३,२०० ला पडते. तिची सुट्टी गुरुवारची असेल तर हे पाचशे वाचतात. तारीख ठरवताना तिला पहिलं विचारायचं ते यासाठी.

सहल बचत ही नेहमीच्या बचतीपेक्षा वेगळी ठेवायची. बैठकीत ठराव घ्या, इतिवृत्तात लिहा, खातेवहीत स्वतंत्र पान करा. ज्या येणार त्यांच्याकडूनच ती घ्यायची, आणि प्रत्येकीच्या पुस्तकात वेगळी नोंद करून सही द्यायची. रोख कुणा एकीच्या घरी साठवू नका. गटाच्या बचत खात्यात भरा. कर्ज खात्यात चुकूनही टाकू नका, तिथे ती कर्जात वळती होते.

एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, माझ्याकडे नाहीत, गटातून कर्ज काढू का?" माझं उत्तर नाही असं आहे. शेकडा दोन टक्के महिना व्याजाने तीन हजारांवर महिन्याला साठ रुपये व्याज होतं, ते काही डोंगर नाही. पण अंतर्गत कर्जाचा पैसा मोजका असतो. सहलीसाठी चारजणींनी उचलला आणि पुढच्याच आठवड्यात एखादीचं मूल दवाखान्यात भरती झालं, तर तिला द्यायला पेटीत काही उरत नाही. आणि झोक्यावरचा आनंद एक दिवसाचा, त्याचा हप्ता दहा महिन्यांचा, हे मनाला बरं वाटत नाही. खासगी फायनान्सच्या कर्जाचा तर विचारच नको. फिरता निधी आणि समुदाय गुंतवणूक निधी सहलीसाठी नाही, त्याला हात लावू नका.

दंडाची रक्कम सहलीला वापरू का, असंही विचारतात. ती रक्कम सगळ्या सदस्यांची आहे, न येणाऱ्यांचीही. जिला जमलंच नाही तिच्या पैशावर आपण पाळण्यात बसायचं, हे मला तरी पटत नाही. पण एखादीचे चार-पाचशे कमी पडत असतील आणि बाकीच्यांनी आपल्या खिशातून, गाजावाजा न करता घातले, तर त्याला कुणाचा ठराव लागत नाही.

ऐनवेळी रद्द करणाऱ्यांचा नियम आधी लिहा. वरच्या हिशोबात तिघी गळाल्या तर गाडीचे ८,४०० नऊजणींत वाटले जातात, प्रत्येकीला ९३३ रुपये, म्हणजे २३३ जास्त. म्हणून तिकिटाचे आणि जेवणाचे परत, गाडीचा वाटा परत नाही, असा नियम बरा. तिच्या जागी दुसरी आली तर तोही परत. आजारपण किंवा घरात मयत झाली तर गटाने माणुसकीने ठरवावं.

तिकीट काढताना गटाला सवलत मिळते का ते विचारा. व्हॉट्सॲपवर "फक्त ९९ रुपयांत पास" असे मेसेज फिरतात, त्यातल्या लिंकला बोट लावू नका. पार्कच्या खिडकीवर किंवा त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच पैसे भरा. फसलात तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त.

गाडी आणि ड्रायव्हर

या भागावर मी जरा जास्त बोलणार आहे. चाकण पट्ट्यात टेम्पो ट्रॅव्हलर भरपूर मिळतात, कारण त्या कंपन्यांच्या पाळ्या वाहतात. अडचण तिथेच आहे. तिसऱ्या पाळीची माणसं पहाटे सोडून आलेला ड्रायव्हर सात वाजता तुमच्या दारात हजर होतो. चहा पिऊन तरतरीत दिसतो. पण जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या वर, त्यात तळेगाव-चाकण रस्त्यावरचे कंटेनर आणि पुढे बोरघाट. परतीला अंधार पडलेला असतो. गाडी ठरवताना मालकाला स्पष्ट विचारा, आदल्या रात्री हा ड्रायव्हर पाळीवर आहे का? असेल तर दुसरा द्या. दोनशे रुपये जास्त मागितले तरी द्या. आणि निघताना त्यालाच पुन्हा विचारा, "दादा, रात्री झोप झाली का?" यात लाजण्यासारखं काही नाही.

गाडी पिवळ्या नंबर प्लेटची, प्रवासी परवान्याची असावी. ओळखीच्या कुणाची पांढऱ्या प्लेटची गाडी स्वस्त मिळते, पण भाड्याने नेलेल्या खासगी गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. सतरा सीटमध्ये बावीस बायका बसवायच्या नाहीत, कितीही मांडीवर बसायला तयार असल्या तरी.

गाडी परवडत नसेल तर एसटी आहे. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत. लोणावळ्यापर्यंत पिंपरी, चिंचवड, तळेगावहून लोकल मिळते. पण लोकल लोणावळ्यालाच संपते, घाट उतरून खोपोलीला जात नाही. म्हणून वेट-एन-जॉयला लोकल सोयीची, इमॅजिकाला गाडी किंवा एसटी. कसंही गेलात तरी परतीची वेळ आधी ठरवा. शेवटचा खेळ, शेवटचा फोटो करत निघायला आठ वाजतात, आणि मग वाटेत उतरणाऱ्या बायकांना कंपनीच्या रस्त्याने एकटीने आत चालत जावं लागतं. प्रत्येकीला दारापर्यंत सोडायचं हे गाडीवाल्याशी आधीच बोला.

कपडे, दागिने, तब्येत

पाण्याच्या पार्कला साडी नेसून घसरगुंडीवर सोडत नाहीत. पदर अडकतो, सुती कपडा भिजून जड होतो, म्हणून तिथे नायलॉनचे कपडे सक्तीचे असतात. भाड्याने मिळतात. पूर्ण बाह्यांचे आणि घोट्यापर्यंतचेही मिळतात, पण ते आपल्या मापाचे असतील का, याची खात्री आधी करा. गटातल्या निम्म्या बायकांना हे कपडे घालायला संकोच वाटणार असेल तर पाण्याचं पार्क निवडूच नका. निम्म्यांनी काठावर पर्स सांभाळत बसायचं असेल तर त्याला सहल म्हणत नाहीत. कोरड्या पार्कमध्ये पंजाबी ड्रेस सगळ्यात बरा. साडीच असेल तर पदर खोचून पिन लावा.

मंगळसूत्र, जोडवी, सोन्याच्या बांगड्या घरी ठेवा. काळ्या मण्यांची साधी पोत चालते. काचेच्या बांगड्याही नकोत. प्रत्येक खेळाच्या दाराशी फलक असतो, किती उंचीच्या खाली चालत नाही, कुणी बसू नये. त्यात गरोदर बाई, हृदयविकार, बीपी, मान-पाठीचा त्रास हे जवळपास सगळीकडे असतं. आपल्याकडे त्यात भर घाला, पिशवीचं किंवा कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन नुकतंच झालेली. आणि आठ-आठ तास उभ्याने लाइनवर काम करून कंबर धरलेली. हे तुम्ही डॉक्टरांना सांगता, मैत्रिणींना सांगत नाही, आणि त्यांनी ओढलं की बसता. ओढणाऱ्यांनीही एकदा "नको" म्हटल्यावर थांबावं.

बसायला मोठे पाळणेच पाहिजेत असं नाही. इमॅजिकात नायट्रो नावाचा मोठा रोलर कोस्टर आहे, तो तरुण पोरींसाठी. पण 'आय फॉर इंडिया' नावाच्या खेळात खुर्चीत बसून मोठ्या पडद्यावर भारतावरून उडत गेल्यासारखं वाटतं, तो साठीच्या काकूंनाही जमण्यासारखा आहे. राजासौरसच्या बोटीत भिजायला होतं. राजासौरस हा नर्मदा खोऱ्यात हाडं सापडलेला आपल्याकडचाच डायनासोर, हे मुलांना घरी जाऊन सांगता येईल.

बीपी-शुगरच्या गोळ्या पर्समध्ये, लॉकरमध्ये नव्हे. शुगरवाल्यांनी जेवणाची वेळ टाळू नये, रांग कितीही पुढे सरकलेली असो.

भेट

खालून येणारी मैत्रीण आणि वरून जाणाऱ्या आपण, यांनी तिकीट खिडकीसमोर भेटायची वेळ पक्की करावी. आत गेल्यावर एक ठिकाण ठरवा, ओळखायला सोपं, सावलीतलं. दर दोन तासांनी तिथं यायचं. फोनवर भरवसा नको, तो लॉकरमध्ये असतो किंवा बॅटरी संपलेली असते. जिला वाचता येत नाही तिच्याबरोबर कायम एकजण असावी, तेही तिला कळणार नाही असं. चिठ्ठीवर गाडीचा नंबर आणि दोघींचे फोन लिहून प्रत्येकीच्या पर्समध्ये ठेवा. काही गडबड झाली तर ११२.

आणि तिकिटाचे पैसे वसूल करायच्या नादात पळू नका. आपल्या बायका हिशोबी, १,४०० भरलेत म्हणजे सगळे खेळ झाले पाहिजेत. मग सकाळपासून धावाधाव, आणि ज्या मैत्रिणीसाठी एवढं केलं तिच्याशी चार वाक्यं बोलणं होत नाही. चार-पाच खेळ निवडा. रांगेत उभं राहावं लागलं तर वैतागू नका, खरी भेट रांगेतच होते. पाऊण तास, हाताला काम नाही, कुणी हाक मारणार नाही. एका सहलीवरून आल्यावर एक ताई मला म्हणाल्या, पाळण्याचं काही आठवत नाही, पण रांगेत बहिणीसारख्या मैत्रिणीने तिच्या घरातलं सगळं सांगितलं, सात वर्षांत फोनवर बोलली नव्हती ते. मग त्या दोघी पाळण्यात बसल्याच नाहीत, बाजूला होऊन बाकावर बसल्या.

असं काही ऐकलंत आणि ते मारहाणीचं, छळाचं असलं, तर तिच्या परवानगीशिवाय गटात बोलू नका. तिची इच्छा असेल तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिला द्या, किंवा प्रभागसंघाच्या कार्यालयात घेऊन या.

आल्यावर

पुढच्याच बैठकीत हिशोब. पावत्या चिकटवा, किती जमा, किती खर्च, किती उरले हे मोठ्याने वाचा. उरलेले प्रत्येकीला सारखे परत, सही घेऊन. शंभर रुपये राखीव ठेवलेले उरले तर "राहू दे गटाला" असं घाईने म्हणू नका. जिला हवेत तिला ते न मागता मिळाले पाहिजेत. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं असेल तर तेच पैसे नव्या सहल बचतीचा पहिला हप्ता म्हणून लिहिता येतात, पण ज्याच्या त्याच्या इच्छेने.

फोटोंचं राहिलं. ग्रुपवर टाकण्याआधी फोटोतल्या प्रत्येकीला विचारा. कुणी नायलॉनच्या कपड्यात आहे, कुणाला सासरच्या ग्रुपवर ते जायला नको आहे, आणि एखादीने कंपनीत ताप आलाय म्हणून कळवलेलं असतं.